बाकी सगळं काळंपांढरं

२ फेब्रुवारी

सवयीने आज ऑफिसला गेलो. ऑफिस म्हणजे आता कुलूप लावलेलं एक दार. संध्याकाळचा आमचा छोटासा पेपर परवा बंद झाला, हे माझ्या पायांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. खाली संपादक भेटले. गाडीच्या डिकीत सामान भरत होते. त्यातली एक कोरी डायरी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्या फोटोंखाली आम्ही ओळी लिहिल्या. आता तुमच्या तुम्ही लिहा."

रागवावंसं फार वाटत होतं, पण कुणावर ते सुचेना. फोटो काढायचा पगार देणारा पेपर किती जणांच्या नशिबी येतो? रंगीत छपाई त्याला शेवटपर्यंत परवडली नाही, म्हणून मी जन्मभर काळंपांढरं काढलं. मला तेच आवडायचं. यात तक्रारीला जागा कुठे आहे?

बायको म्हणाली, "चला, पन्नाशीत नवा डाव." ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. समोरचा माणूस किती घाबरलाय ते तिला लांबूनच कळतं.

५ फेब्रुवारी

घरातच स्टुडिओ काढायचं ठरलं. प्रश्न खोलीचा होता. उजेडाची खोली एकच, रस्त्याच्या बाजूची मोठ्या खिडकीची, आणि ती सासूबाईंची. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे असतात. निवृत्त होईपर्यंत त्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होत्या. माणसाच्या खऱ्या दातांच्या रंगाला खोट्या दातांचा रंग जुळवायचा, हे त्यांचं काम. अजूनही कुणी हसलं की त्या आधी दात बघतात आणि मग माणूस.

मी विषय काढायच्या आतच त्या म्हणाल्या, "जावईबापू, माझी खोली घ्या. मला ती मागची बारकी खोलीच बरी. तिथे ऊब असते."

सुटलो. नशीब बघा, त्यांना नेमकी तीच खोली हवी होती.

११ फेब्रुवारी

फोटो छापून देणारा लॅबवाला जुना दोस्त. त्याने डोक्यात एक किडा सोडला. "नुसतं काळंपांढरं आता कोण घेतं? सगळा फोटो काळापांढरा ठेव, पण एकच वस्तू रंगीत. छत्री, फूल, टोपी, काहीही. लोकांना वेड लागतं."

करायला सोपं आहे. फोटो रंगीतच काढायचा. मग कॉम्प्युटरवर त्याच्यावर काळ्यापांढऱ्याचा एक थर पसरायचा, आणि जिथे रंग हवा तिथे तो थर खोडरबराने पुसावा तसा पुसायचा. खालचा रंग वर येतो. दिवसभर बसून शिकलो. बायकोला आणि सासूबाईंना करूनही दाखवलं. बायकोला जांभया येत होत्या, पण सासूबाईंनी चष्मा पुसून पुसून सगळं नीट बघितलं. "चुकून जास्त पुसलं गेलं तर?" म्हणाल्या. म्हटलं, परत थर भरता येतो, हे असं. त्यांनी मान डोलावली. या वयात एवढी जिज्ञासा असणं चांगलं.

१९ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक! कोपऱ्यावरचे घड्याळवाले. त्यांच्या बायकोने शेवटच्या आजारपणात विणलेला स्वेटर घालून आले होते. किरमिजी आहे म्हणाले. गुंड्या वरखाली लागल्यात, कारण शेवटी तिला नीट दिसत नव्हतं. त्या त्यांनी तशाच ठेवल्यात. स्वेटरवरून मोठं खोडरबर भराभर फिरवलं आणि जिथे बाहेर गेलेलं दिसलं तिथे परत थर भरला. मला तरी झकास जमलाय असं वाटलं.

सासूबाईंना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कान... कान अगदी जिवंत आलेत."

फोटोत त्यांना नेमके कान दिसावेत, याची गंमत वाटली. पण शाबासकी ती शाबासकी.

२१ फेब्रुवारी

छापलेला फोटो घड्याळवाल्यांना दिला. ते अंगठ्याने गुंड्यांवरून हात फिरवत राहिले. जाताना माझं भिंतीवरचं घड्याळ काढून घेऊन गेले, "मागे पडतंय, दुरुस्त करून आणतो."

पेपरात असताना माझ्या फोटोत दुसऱ्या दिवशी लोक भाजी बांधायचे. आज कुणीतरी तो छातीशी धरून नेला. कुणाचे आभार मानावे? लॅबवाल्याचे मानले. "मी काय केलं, तू पाठवलास तसा छापला," म्हणाला.

२७ फेब्रुवारी

कामं यायला लागलीत. एक निळी सायकल, एक पिवळी पर्स, एका बाळाचे मोजे.

एकच कटकट आहे. दुपारी मी जरा आडवा होतो तेव्हा सासूबाई माझ्या कॉम्प्युटरवर बसतात. पत्ते खेळतात म्हणे. मी उठून आलो की लगबगीने खुर्ची सोडतात. काम करायचं यंत्र आहे ते, एखादी फाइल उडाली म्हणजे? बायकोला म्हटलं, "आईंना सांग ना जरा."

"खेळू दे हो," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

माझं काय जातंय! पण वाद घातला नाही. एक नवल मात्र लिहून ठेवतो. रात्री पाठवतो ते फोटो दुपारी केले होते त्याहून नितळ वाटतात. कडा जास्त स्वच्छ. कॉम्प्युटर हळूहळू माझा हात ओळखायला लागलाय बहुतेक.

४ मार्च

आज वाचनालयातल्या बाई आल्या. पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी असतात, त्यांना पुष्कळदा पाहिलंय. लाल स्कार्फ आणला होता. खुर्चीत बसल्या आणि लगेच डावा गाल भिंतीकडे करून बसल्या. म्हटलं, "सरळ बघा. खिडकीचा उजेड डाव्या बाजूने येतोय, तो वाया घालवू नका."

"डाव्या बाजूने नको," त्या म्हणाल्या.

"का? चांगली आहे की बाजू."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर लावली की मला वाटलं मी काही वेडंवाकडं बोललो. मी आपला माझ्या कामात. हनुवटी थोडी वर करा, खांदे सोडा, इथे बघा. हळूहळू त्या सैल झाल्या आणि शेवटी डावीकडून उजेड घेऊन हसल्याही. दात सुरेख आहेत. सासूबाईंच्या संगतीने मीही दात बघायला लागलो.

१० मार्च

बाईंना फोटो दिला. चेहरा काळापांढरा, स्कार्फ लाल. त्या खाली बसल्या. डोळे भरून आलेले. मला काही समजेना. फोटो चांगला होता, पण रडण्याइतका?

"तुम्ही फार सभ्य माणूस आहात," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून एकदासुद्धा तुमची नजर अडखळली नाही."

कशावर अडखळायची, हे विचारायचं राहून गेलं, कारण त्या पुढे म्हणाल्या की त्या ज्या गायनमंडळात गातात त्याच्या वर्धापनदिनाला सगळ्या गायिकांचे असेच फोटो सभागृहात लावायचेत. काळ्या कपड्यांवर सगळ्यांचे लाल स्कार्फ. एप्रिलच्या शेवटी कार्यक्रम आहे. काम मला मिळावं म्हणून त्या स्वतः बोलणार आहेत.

असे लोक भेटतात म्हणून दिवस पुढे सरकतात. घरी सांगितलं तर बायकोने आईकडे बघितलं, आईने बायकोकडे, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "वा!"

२४ मार्च

मंडळाचं काम मिळालं, वाचनालयातल्या बाईंसकट सगळ्यांचे फोटो काढून झाले, आता नुसतं रंगाचं काम उरलंय. इकडे थोरल्या मेव्हणीचा जिन्यावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. सासूबाई तिच्याकडे निघाल्या. बॅग दाराशी, रिक्षा खाली उभी, आणि या परत वर.

"जावईबापू, ते गाणाऱ्या बायकांचे फोटो मी येईपर्यंत थांबतील का?"

"का हो? तुम्हाला बघायचेत? छापून आले की दाखवीन."

"तसं नव्हे... जरा सावकाश करा. घाई कसली?"

"घाई काहीच नाही. एप्रिलअखेर."

त्या उंबऱ्यात घुटमळल्या. बायको म्हणाली, "मी आहे ना आई, मी बघते." काय बघणार कुणास ठाऊक. मायलेकींचं काहीतरी चाललेलं असतं.

२ एप्रिल

कार्यक्रम अलीकडे आला! सभागृहाला रंगकाम काढलंय, म्हणून शनिवारीच उरकून घेणार. आणि इकडे बायकोच्या दवाखान्यात तापाची साथ. ती सकाळी जाते ती दमून येते आणि बसल्या जागी झोपते.

"पाठवायच्या आधी मला एकदा दाखवा," दोनदा म्हणाली. पण तिला उठवायचं म्हणजे पाप. माझे फोटो मीच बघायचे नाहीत तर कुणी?

शिवाय मला एक युक्ती सापडली आहे. एकेक स्कार्फ पुसत बसायला नको. कॉम्प्युटरला एकदाच सांगायचं, लाल तेवढं ठेव आणि बाकी सगळ्याचं काळंपांढरं कर. बटण दाबलं की झालं! दुपारपर्यंत सगळे फोटो तयार. देवाशपथ, एवढा समाधानी मी पेपरातही कधी नव्हतो.

संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन. "अरे, हे असंच हवंय ना तुला?"

"असंच. का?"

"नाही, काही नाही. नवीन स्टाइल असेल म्हटलं."

५ एप्रिल

सभागृहातून आलो. काय झालं ते मला अजून नीट समजलेलं नाही.

फोटोंवर कापड होतं. ते काढलं आणि आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळे. एक म्हातारा म्हणाला, "अख्ख्या मंडळाला सर्दी झाली वाटतं!" दुसरा म्हणाला, "सर्दी कसली, प्यायल्यात सगळ्या." मी फोटोंकडे बघत होतो. मला हसण्यासारखं काही दिसेना. मंडळाच्या मुख्य बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

मग हसणं थांबलं. एकदम, दिवा विझावा तसं. सगळे वाचनालयातल्या बाईंच्या फोटोसमोर उभे होते. बाई स्वतः मागे होत्या. त्यांनी स्कार्फ सोडला, डाव्या गालाशी धरला आणि बाहेर निघून गेल्या. गाण्याला थांबल्या नाहीत.

बायको थेट दवाखान्यातून आली होती. तिने ते फोटो एकदा पाहिले, माझा दंड धरला आणि म्हणाली, "घरी चला."

 ती आता झोपली आहे. मीही हे बंद करतो.

६ एप्रिल, रविवार

सकाळी चहा झाल्यावर बायकोने वाचनालयातल्या बाईंचा मूळ रंगीत फोटो कॉम्प्युटरवर उघडला. मला शेजारी बसवलं.

"त्यांच्या डाव्या गालावर काय आहे?"

"काय आहे?"

"नीट बघा."

"गाल आहे. छान उजेड पडलाय."

तिने माझं बोट धरलं आणि पडद्यावर डोळ्यापासून जबड्यापर्यंत फिरवलं. "इथून इथपर्यंत डाग आहे. जन्माचा. गुलाबी-लाल."

मी बघत राहिलो. ती माझी थट्टा करते आहे असं वाटलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ती थट्टा करत नव्हती.

"आणि कालच्या फोटोंत सगळ्यांची नाकं, कान, ओठ लालच राहिले होते," ती म्हणाली. "बाकी चेहरा राखाडी. आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेवढा तो डाग. फक्त डाग."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्हाला ते दिसत नाही हो. फिकट गुलाबी आणि राखाडी तुम्हाला सारखंच. आपलं लग्न झाल्यावर पहिल्या वाढदिवसाला तुम्ही मला स्वेटर आणलात, आठवतंय? चांगला राखाडी आणलाय, मळणार नाही, म्हणून सगळ्यांना सांगत होतात. गुलाबी होता तो. बाळाच्या झबल्यासारखा गुलाबी."

"तू घातलास की!"

"तीन हिवाळे घातला."

म्हणजे रोज सकाळी ही माझा शर्ट काढून ठेवते ते... मी समजत होतो हिला हुकूम चालवायला आवडतं.

"मग आजवरचे फोटो?" मी विचारलं. "घड्याळवाल्यांचा? सायकल? बाईंचा पहिला? त्यात कुणी हसलं नाही."

तिने पडद्यावरचा फोटो बंद केला. "आई दुपारी पत्ते खेळत नव्हती," ती म्हणाली.

८ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. रंगीत ठिपक्यांची पानं दाखवतात आणि आकडा विचारतात. पहिल्या पानावर आकडा दिसला, छाती फुगली. पुढच्या पानांवर नुसते ठिपके. मी म्हटलं, "ही पानं कोरी आहेत का?" मागून बायको हळूच म्हणाली, "चौऱ्याहत्तर." डॉक्टर म्हणाले, "बाई, पेपर त्यांचा आहे."

जन्मापासूनच आहे म्हणे. आईकडून येतं, औषध नाही, वाढतही नाही. बऱ्याच पुरुषांना असतं, कित्येकांना कळतही नाही. "धंदा काय?" त्यांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काळ्यापांढऱ्याला काही अडचण नाही," जरा वेळाने म्हणाले. "उलट उजेड-सावली तुमच्यासारख्या माणसांना कधीकधी जास्त बारीक कळते. रंग मधे मधे करत नाहीत ना."

आईकडून येतं. मामा आठवला. हिरवे टोमॅटो पिकले म्हणून तोडायचा आणि आजीच्या शिव्या खायचा. बिचारा मामा.

९ एप्रिल

सासूबाईंना फोन केला. काय बोलायचं ते मनात नीट लावून ठेवलं होतं. त्यांनी "हॅलो" म्हटलं आणि सगळं सांडलं. मी एवढंच म्हणालो, "आई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं होतं?"

"की माझं चुकतंय. की कान गुलाबी राहिलेत."

त्या म्हणाल्या, "तेव्हा तुमचा पेपर बंद होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. माणसाला एका दमात किती म्हणून सांगायचं? म्हटलं, जरा पाय रोवू देत. मग सांगू. मग तुम्ही इतके खुशीत असायचात की..." थांबल्या. "चूक माझीच. निघताना सांगायला हवं होतं. त्या पोरीला उगाच भोगावं लागलं."

"चूक तुमची कशी? बटण मी दाबलं."

"दोघांची," त्या म्हणाल्या. "अर्धी अर्धी घेऊ. मी शुक्रवारी येते."

फोन ठेवला. मी दोन महिने या डायरीत ज्याचे त्याचे आभार मानत सुटलोय. लॅबवाल्याचे, नशिबाचे, कॉम्प्युटरचे. कॉम्प्युटरचे!

१० एप्रिल

वाचनालयात गेलो. बाई टेबलामागे होत्या, केस डाव्या गालावर ओढून घेतलेले. मला पाहून त्यांनी पुस्तकावर शिक्का मारला. दुसऱ्यावर मारला. तिसरं पुस्तक नव्हतं, म्हणून थांबल्या.

"तुम्ही मला सभ्य म्हणालात," मी म्हटलं. "ते खरं नव्हतं. मी सभ्यपणे न बघितल्यासारखं करत नव्हतो. मला दिसतच नाही. तो रंग मला दिसत नाही. रविवारी बायकोने बोट धरून दाखवला तरी नाही दिसला."

मग सगळं सांगितलं. ठिपके, स्वेटर, सासूबाईंचे पत्ते. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती हातातही घेतली नाही.

"म्हणजे तुम्ही माझा फोटो काढत होतात तेव्हा..."

"तेव्हा मला तुमचा चेहरा दिसत होता. तेवढाच. आत्ताही तेवढाच दिसतोय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी पहिल्या दिवशी खुर्चीत बसून बघितलं होतं तशा. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं, आणि मग कळलं की त्या हसताहेत. तोंडावर हात धरून, वाचनालय असल्यामुळे.

"अहो, म्हणजे तुम्ही सभ्य नाही," त्या म्हणाल्या. "आंधळे आहात!"

"थोडा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले. हसल्यामुळे ओले झाले की कशाने, मी विचारलं नाही. मग म्हणाल्या, "मी लहान असल्यापासून विचार करत आले, हा नसता तर लोकांना मी कशी दिसले असते. एका माणसाला तरी दिसले म्हणायची."

निघताना मी विचारलं, सभागृहातला तो फोटो काढून टाकलाय, आता काय लावू.

"पहिला लावा. आणि दुसरा मला द्या."

"लाल? कशाला हो?"

"राहू दे माझ्याजवळ. सगळ्यांनी एकदाचा डोळे भरून बघितला, आणि मी तरी मेले नाही. शनिवारी तालमीला जाणार आहे."

मी बाहेर येऊन पायरीवर बराच वेळ बसलो. त्यांनी मला खडसावलं असतं तरी ते माझं मला मान्य होतं. हे मात्र कुठे ठेवावं ते समजेना.

१२ एप्रिल

सासूबाई काल आल्या. आता पत्त्यांचं सोंग नाही. शेजारी खुर्ची टाकून बसतात. सगळे फोटो पुन्हा करतोय. मी थर पसरतो, स्कार्फ पुसतो, पुसणं चेहऱ्यावर कुठवर गेलंय ते मला दिसत नाही, म्हणून ते त्या सांगतात: "उजवा कान. अजून. नाकाचा शेंडा. खालचा ओठ, ओठ! हां, बास." मी "झालं?" विचारलं की म्हणतात, "या बाईच्या हनुवटीखाली जरा आहे अजून, शिळ्या मांसासारखं." दातांच्या लॅबमध्ये काय भाषा चालायची कोण जाणे.

मुख्य बाई फोनवर घुश्शात होत्या. मी काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. "आता एक माणूस नव्हे, दोन माणसं करताहेत," म्हटलं. "मग ठीक," म्हणाल्या. "एकाचं बघितलं मी."

दारावरच्या पाटीवर सासूबाईंचं नाव घालूया म्हटलं तर हात झटकले. "कवळीवर कुणी सही करतं का?"

दुपारी त्या मागच्या खोलीत जाऊन पडल्या. परत आल्यापासून थोडा खोकला आहे. बरं झालं, ती खोली उबदार आहे.

२० एप्रिल

सभागृहाचं रंगकाम उरकलं, त्या निमित्ताने मंडळाने पुन्हा गाणं ठेवलं आणि फोटो पुन्हा लागले. कुणी हसलं नाही, कुणी फारसं काही बोललंही नाही. लोक आले, आपापली बाई शोधली, बोट दाखवलं आणि गाणं ऐकायला बसले. असंच व्हायला हवं. वाचनालयातल्या बाई पुढच्या रांगेत होत्या. केस मागे बांधलेले. त्या गात असताना मी डाव्या गालाकडे खूप निरखून बघितलं, काही दिसतंय का म्हणून. नाही दिसलं. शेजारी सासूबाई म्हणाल्या, "बघू नका असे टक लावून." बऱ्याच दिवसांनी पोटभर हसलो, तेही चुकीच्या जागी.

२७ एप्रिल, रविवार

आज खिडकीत फार चांगला उजेड होता. आभाळ पातळ, सावल्यांच्या कडा मऊ. सासूबाईंना म्हटलं, "बसा. तुमचा फोटो काढतो." म्हातारं माणूस नको म्हणतं, तशा नको म्हणाल्या, पण केस नीट करून आल्या.

"रंग कशाला ठेवायचा?" मी विचारलं. "चष्म्याची साखळी? की तो निळा रुमाल?"

"जांभळा आहे."

"जांभळा रुमाल. तुम्ही सांगाल ते. पुसायला तुम्हीच बसा हवं तर."

"काही नको," त्या म्हणाल्या. "नुसता काढा."

मला जरा लागलं. म्हटलं, "आई, तुमच्यामुळे हे सगळं उभं राहिलं, आणि तुम्हालाच रंगीत नको?"

त्यांनी मांडीवरचे हात एकावर एक ठेवले. "जावईबापू, तुमचं काम व्हायचं आणि मी बसायचे. कान पुसायच्या आधी थोडा वेळ मी तो थर सगळाच भरून टाकायचे. सगळंच काळंपांढरं. त्या घड्याळवाल्याचं कपाळ, त्या पोरीचा गाल, सायकलवाल्याचे हात. नुसती बघत बसायचे. मग परत रंग काढायचे, लोकांनी मागितलाय म्हणून." थांबल्या. "मला तसला हवा. ज्यात माझा हात लागत नाही."

बायको दारात उभी होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. काचेआड असलं की बरं असतं.

त्या हसल्या नाहीत. मी हसायला सांगितलंही नाही. उजेड त्यांच्या कपाळावर होता, मग गालावर, मग हातांवर, आणि हातांशी येऊन थांबला होता. इतका सरळ उजेड मी फार वेळा पाहिलेला नाही. एकच फोटो काढला. दुसरा काढायची गरज वाटली नाही.

कॉम्प्युटरवर उघडून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ झुकल्या आणि सवयीने बोट वर केलं, चूक दाखवायला करतात तसं. ते बोट जरा वेळ हवेत राहिलं. मग त्यांनी ते खाली घेतलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "पाठवा."